बिनलेबलची क्रीम

"ताई, नंदा गेली हो..." फोनवर दाजी, म्हणजे नंदाचा नवरा, एवढंच बोलले. मी दिंद्रुडच्या शाळेत वर्गावर होते. मुलांना वाचायला सांगून व्हरांड्यात आले. नंदा जगणार नाही, हे अंबाजोगाईला डायलिसिस सुरू झाल्यापासून मनात कुठंतरी ठाऊक होतं. तरीही...

आम्ही दोघी धारूरजवळच्या एकाच गावच्या. मी शाळेत टिकले. नंदा दर दिवाळीनंतर आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची, लग्नानंतर नवऱ्याबरोबर जाऊ लागली. उन्हानं तिचा चेहरा तिशीतच सुरकुतला. एका लग्नात कुणीतरी दाजींना विचारलं, "आईलाबी आणलंत व्हय?" दाजी हसून मोकळे झाले. नंदा जेवली नाही. पुढच्या हंगामात ती फडावर गेलीच नाही. बीडला राहून पार्लरचा कोर्स केला. तिथल्या मॅडमनी तिला मन लावून शिकवलं, हे मान्य केलंच पाहिजे. ऊन त्वचेतलं कोलॅजन मोडतं म्हणून आधी सनस्क्रीन, सकाळी व्हिटॅमिन सी, रात्री रेटिनॉल आणि तेही जरा जरा. नंदा मला समजावायची, "कोलॅजन म्हंजी बाजंची सुतळी गं. उन्हानं ती कुजती, मग बाज झोळ खाती." धारूरला तिनं पार्लर काढलं. ऊसतोडीहून परतलेल्या बाया यायच्या, त्यांना ती स्पष्ट सांगायची की महिनोन्महिने लागतील, जादू काय न्हाई. मॅडमचा शब्द मात्र तिला देवाच्या ठिकाणी होता.

त्याच मॅडमनी एकदा पांढरी डबी आणून दिली. डबीवर काही लिहिलेलं नव्हतं. "पेप्टाइड आणि रेटिनॉल दोन्ही आहे यात. खास बनवून घेते. मीपण हीच लावते," असं त्या म्हणाल्या. नंदानं ती आधी स्वतः लावली. महिनाभरात चेहरा उजळला. पुढं गाल भरले, डोळ्यांभोवतीच्या रेषा गेल्या. बाया म्हणायच्या, "नंदाबाई, लई ल्हान दिसाया लागलात की." तीच क्रीम त्याही मागून नेऊ लागल्या. मीसुद्धा तिला पाहून हरखले होते. तो चेहरा सुजत चालला होता, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. पायही सुजले तेव्हा दाजी तिला दवाखान्यात घेऊन गेले. मूत्रपिंडं निकामी होत आली होती. डॉक्टरांनी क्रीम तपासायला पाठवली. तिच्यात पेप्टाइड नव्हतं, रेटिनॉल नव्हतं; पारा होता. त्यानंच कातडी उजळली आणि मूत्रपिंडंही गेली.

नंदानं मॅडमना फोन केला तेव्हा मी तिच्या खाटेवर बसले होते. पलीकडून आवाज आला, "तूच जास्त लावली असशील, नंदा." त्यानंतर त्यांनी तिचा फोन कधीच उचलला नाही. त्या दिवशी नंदानं फोन उशाशी ठेवला. म्हणाली, "मला कशापायी फसवलं असंल गं त्यांनी? नाव वाचल्याबिगर कुठलीच डबी उघडू नको, असं त्यांनीच शिकवलं हुतं... पण त्यांच्याच हातची हाय म्हणल्यावर मी काय वाचायचं?"

मग तिनं एक काम केलं. अंगात त्राण नसताना क्रीम नेलेल्या एकेका बाईला फोन लावला. क्रीम बंद करा, लघवी तपासून घ्या, माझं चुकलं, असं सांगत राहिली. काहींनी शिव्या घातल्या. एकीनं तर ऐकवलं, "सोता उजळलीस, आन् आमाला नगं म्हणतीस." तरी बायांनी क्रीम बंद केली आणि त्या वाचल्या. नंदाला पुढं जंतुसंसर्ग झाला, त्यातून ती उठली नाही.

दहाव्याला मॅडम आल्या. फोटोपुढं रडल्या, "माझी सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी," असं चारचौघांत म्हणाल्या. मी जवळ जाऊन विचारलं, "ती क्रीम तुम्ही खरंच लावत होता का?" त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि हळूच म्हणाल्या, "माझी स्किन जरा सेन्सिटिव्ह आहे हो..."

परवा धारूरला गेले तेव्हा दाजी पार्लर झाडत होते. कोणतीही बाई आली की नंदा तिला आधी उंबऱ्यात उभी करायची आणि हनुवटीला हात लावून उजेडात तिचा चेहरा बघायची. आरशाजवळ न्यायची ती नंतर. दाजी पाणी आणायला आत गेले. मी उंबऱ्यात उभी राहिले, तोंड उजेडाकडं करून.