कोणत्या कालखंडातली कविता

पन्नाशीला टेकलेली एक बाई पहिल्या वर्षाच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर येऊन बसली, तेव्हा पोरांना वाटलं, कुणाची तरी आई विसरलेला डबा द्यायला आली आहे. हजेरीला डबावाली आई “हजर, सर” म्हणाली आणि सगळे मागे वळून बघायला लागले. मधल्या सुट्टीत आणखी एक बातमी फुटली: या काकू म्हणजे इंग्रजीच्या सरांच्या बायको. अगदी लग्नाच्या.

सरांनी आधी पुष्कळ आढेवेढे घेतले होते. “अगं, इतिहास घे, भूगोल घे. या वयात इंग्रजी साहित्य कशाला?” काकूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि इंग्रजी साहित्यच घेतलं. लग्नामुळे सुटलेलं कॉलेज पुरं करायचंय, असं त्या चारचौघांत सांगायच्या. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण पोटात होतं.

त्यांची एकुलती एक मुलगी, चिमी, सात वर्षांची असताना तापाने गेली. आज असती तर या पोरांच्याच वयाची असती. ती गेली तेव्हा काकू ऊर फुटेस्तोवर रडल्या. सर रडले नाहीत. ते रोज संध्याकाळी मागच्या दाराच्या पायरीवर बसायला लागले आणि इंग्रजीत काहीतरी पुटपुटायला लागले. तालात, कवितेसारखं. अजूनही बसतात. काकूंचं इंग्रजी परीक्षेपुरतं, त्यात ते पुटपुटणं. हाती एखादा शब्द लागला तर लागला. “काय हो म्हणता?” असं विचारलं की “काही नाही गं, जुनी कविता आहे.” त्यापुढे ताकास तूर लागू देत नसत. दुःख दोघांचं, पण एकाने आतून कडी लावून घेतलेली. काकूंना त्या कवितेचा अर्थ हवा होता. साहित्य शिकलं की कविता कळेल, असा त्यांचा साधासरळ हिशोब.

तो पहिल्याच तासाला चुकला. सरांनी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली आणि सांगितलं, हा इंग्रजी साहित्याचा इतिहास. मग त्या रेघेवर राजे आले, लढाया आल्या, साथी आल्या, छापखाना आला, नाटकघरं उघडली, बंद झाली, पुन्हा उघडली. कवितेचा मात्र पत्ता नाही. कवी जन्मला कधी, मेला कधी ते यंदा पाठ करायचं. त्याने लिहिलं काय, ते पुढच्या वर्षी. पाहुण्याला पाटावर बसवावं आणि वाढायचं सोडून भांडी कुठून आणली ते सांगत सुटावं, त्यातलीच गत.

तरी काकू चिवट. परक्यांनी देश जिंकल्यावर दरबारात एक भाषा आणि लोकांच्या घरात दुसरी, असं बरीच वर्षं चाललं, हे सरांनी सांगितलं तेव्हा त्या पटकन बोलून गेल्या, “म्हणजे सासूची भाषा वेगळी, सुनेची वेगळी, आणि नातवंडं दोन्ही मिसळून बोलणार.” वर्ग हसला. सरही हसले. “अगदी तसंच,” म्हणाले. घरात ते इतकं मोकळं कधी हसले होते, हे काकूंना आठवेना, आणि त्यांना जरा वाईटच वाटलं.

सरांचा एक नियम कॉलेजभर प्रसिद्ध होता. वर्गात प्रश्न कितीही खुळा असो, त्याचं उत्तर दिल्याशिवाय ते पुढे सरकत नसत. भाजी निवडता निवडता काकूंच्या डोक्यात प्रकाश पडला. घरात बायकोला टाळता येतं. वर्गात विद्यार्थिनीला कसं टाळणार?

दुसऱ्या दिवशी त्या उभ्या राहिल्या. “सर, एक विचारू?”

“विचारा.” वर्गात ते त्यांना कटाक्षाने अहो-जाहो करत.

“बापाने आपल्या गेलेल्या मुलीसाठी लिहिलेली कविता या रेघेवर कुठे येते? कोणत्या कालखंडात?”

सरांचा खडू हवेतच थांबला. “अशा पुष्कळ आहेत,” ते म्हणाले. “मुलं प्रत्येक काळात दगावायची. साथी यायच्या, औषधं नव्हती...”

“पुष्कळ नकोत, सर. एकच. मागच्या पायरीवर बसून म्हणतात ती.”

पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं, पण सगळी कान टवकारून बसली. सरांचा चेहरा पाहून काकू वरमल्या. भर वर्गात नवऱ्याला कोंडीत पकडलं आपण. “राहू दे, सर,” असं त्या म्हणणार, तेवढ्यात सर बोलले.

“ती या रेघेवर नाही. कुठे छापलेलीच नाही. मी रचली आहे. अजून रचतोच आहे.”

काकूंना एकदम संतापच आला. “मग इंग्रजीत कशाला? चिमीला कुठे येत होतं इंग्रजी? मला तरी कुठे येतं?”

“म्हणूनच,” सर म्हणाले, आणि अहो-जाहो गळून पडलं. “मराठीत म्हटली असती तर तुला कळली असती. तू आधीच कोसळली होतीस. मीही कोसळलोय हे तुला दिसलं असतं, तर आपल्याला सावरलं कुणी असतं?”

काकू बाकातून बाहेर आल्या आणि फळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

“आता म्हणा,” त्या म्हणाल्या. “मराठीत. मी सावरते.”

सर शब्द शोधत शोधत म्हणू लागले. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज फुटला, आणि चिमी गेल्यापासून पहिल्यांदाच काकूंनी त्यांना रडताना पाहिलं.