आईंना आत नेणारा चिनी माणूस

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. असले अनुभव मी चहा पिता पिता वाचायचे आणि हसायचे. २०१६ नंतर हसणं बंद झालं...

आम्ही तेव्हा आल्मेरे या डच शहरात राहायचो. माझ्या नवऱ्याला, निखिलला, रॉटरडॅममध्ये नोकरी लागली, म्हणून एका शनिवारी सकाळी तिथल्या कातेन्ड्रेख्त भागात फ्लॅट बघायला गेलो. बंदरालगतची जुनी वस्ती, पण आता सगळं चकचकीत. सोबत नाशिकहून आलेल्या माझ्या सासूबाई. त्यांना डायबेटिस. "जिना नको गं," म्हणून त्या खाली बाकावर बसल्या. दहा मिनिटांत उतरलो तर बाक रिकामा!

आम्ही दोघं अर्धा तास वेड्यासारखे शोधत होतो. परत आलो तर सासूबाई त्याच बाकावर, शांत बसलेल्या.

"आई, कुठे गेला होतात?" मला रडूच फुटलं.

"अगं, गोळी घेतली आणि खायचं राहिलं. डोळ्यांपुढे अंधारी आली. समोरच्या घरातल्या चिनी माणसाने धरून आत नेलं. गरम पाणी दिलं, दाण्याची चिक्की दिली. कॉटवर कॉट, त्यावर आणखी कॉट... किती माणसं राहतात तिथे!"

समोर घर नव्हतंच. काचेचा कॅफे होता.

पण आईंच्या स्वेटरवर दाण्याचा चुरा होता. मीटर लावला — शुगर व्यवस्थित!

कुत्र्याला फिरवणाऱ्या एक डच आजी थांबल्या. नव्वदीच्या तरी असतील. मी डचमध्ये एवढंच विचारलं, "इथे चिनी लोक राहतात का?"

"आता कुठले! मी लहान असताना समोर चिनी खलाशांचं बोर्डिंग होतं. एकावर एक तीन पलंग. बोटीवरचं काम गेलं की बिचारे रस्त्यावर दाण्याच्या वड्या विकायचे. मग बार आले, वस्ती बदनाम झाली, शेवटी ते घरच पाडलं."

आईंबद्दल मी त्यांना एक अक्षरही सांगितलं नव्हतं! निखिल फुटपाथवरच बसला.

आई मात्र चिडल्या. "त्याचे आभार न मानता निघायचं? काही रीत आहे की नाही?" आणि कॅफेच्या काचेसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले. आतली माणसं कप हातात धरून बघत राहिली.

आई आता नाहीत. "त्याने आत नेलं म्हणून वाचले," असं शेवटपर्यंत म्हणायच्या. कुठे आत? मला आजही सांगता येत नाही...