वसुधाच्या टाकीतला स्किमर

चार माणसं एकाच नादाला लागली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. टाकीच्या काचेवर शेवाळ धरतं तसे ते आपोआप धरतात. आमचा नाद खाऱ्या पाण्यातल्या माशांचा. समुद्र घाटाखाली आणि आम्ही घाटावर! तरी सातारा-सांगलीत मिळून आम्ही चौघं घरात समुद्र मांडून बसलोय.

खरं तर तिघंच. माझी टाकी वसुधाची, म्हणजे माझ्या बायकोची. ती गेली त्याला आता वर्ष होईल. ग्रुपवर तिच्या जागी मला घेतलं. टाकीत दोन मासे आहेत आणि एक हिरवट, मऊ कोरल, फुलासारखं उमलणारं प्रवाळ. त्याला ती गजरा म्हणायची. हल्ली गजरा मिटत चाललाय. तो हातचा जाऊ नये म्हणून मी ग्रुपवर एक साधा प्रश्न विचारला, "स्किमर ठेवू की काढू?"

स्किमर म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडून त्यातली घाण फेसावर चढवणारं यंत्र. फेस वरच्या कपात साचतो, त्याचं कोऱ्या चहासारखं पाणी होतं, ते ओतून द्यायचं. एवढंच. पण मिळालेल्या उत्तरांतून मी अजून बाहेर आलेलो नाही.

*

पहिलं उत्तर तासगावच्या विलासचं. त्याची द्राक्षबाग आहे आणि टाकी बिनस्किमरची.

"काढा, सर! समुद्रात कुणी मशीन लावलंय का?"

विलासच्या बोलण्यात जोर असतो, म्हणून मी जवळजवळ काढलाच होता. मग आठवलं, मागे एकदा त्याचे मासे तळाशी बसून धापा टाकत होते. घाबराघुबरा फोन आला, "सर, मीठ पस्तीस पाहिजे म्हणत्यात. पिशवी मोकळी केली, तरी सहाच्या वर रेघ जाईना!"

मी गेलो. त्याच्या हातात द्राक्षाची गोडी मोजायचा मीटर होता!

"अरे, हा साखरेचा आहे."

"आवं, पानी ते पानीच की! द्राक्षाचा रस बरोबर दाखवतोय, मग मिठाला काय झालं?"

दोन दिवस थोडं थोडं पाणी बदलून मासे वाचवले. विलास मात्र अजून पाहुण्यांना सांगतो, "माझ्या समुद्राची गोडी सहा!"

*

दुसरं उत्तर विट्याच्या संपतरावांचं. हयात परमुलखात सोनं गाळण्यात गेली, आता गावी परतलेत. ते म्हणाले, "ठेवाच! गाळल्याबिगर माल शुद्ध हुतोय व्हय?"

हे पटलं. बघायला म्हणून त्यांच्या घरी गेलो, तर जिन्याखाली प्लॅस्टिकच्या कॅनची रांग. प्रत्येकावर महिन्याची चिठ्ठी.

"हे काय?"

"स्किमरचं पानी."

"ओतून नाही देत?"

"सर, आमच्या दुकानात झाडलेली धूळसुदिक कुनी टाकत न्हाई. तिच्यात सोनं असतंय."

"आणि यात काय असतंय?"

संपतरावांनी एक कॅन उचलून उजेडात धरला. "ते अजून कळलं न्हाई. पन मशीन उगंच काढंल का?"

आतून वहिनी म्हणाल्या, "आवं सर, तुमी तरी सांगा ह्यास्नी! पाव्हनं वासानं जिन्यापासनंच माघारी जात्यात!"

*

मग आम्हाला टाकीचं सामान देणाऱ्या दुकानदारालाच सरळ विचारलं. तो म्हणाला, "स्किमर पाहिजेच, सर. त्याशिवाय कोरल टिकत नाही."

आठ दिवसांनी त्याच दुकानदाराने विलासला सांगितलं, "तुम्हाला कशाला स्किमर? नैसर्गिक ठेवा."

मी विलासला घेऊनच दुकानात गेलो. म्हटलं, आता दोघांच्या तोंडावर एक काय ते सांग.

तो जराही गडबडला नाही. "सर, तुमच्याकडे आहे म्हणून पाहिजे. यांच्याकडे नाही म्हणून नको!"

विलासने मान डोलावली. मीही डोलावली. रस्त्यावर आल्यावर आम्ही एकमेकांना विचारलं, "म्हणजे काय?"

*

उरले सुभेदार. फौजेतून निवृत्त, साताऱ्याजवळ ऊस. त्यांनी नवा स्किमर आणला आणि मला म्हणाले, "रसाची मळी काढल्याशिवाय गूळ होतो का, सर? ठेवा. हुकूम समजा!"

पण नवा स्किमर पहिल्याच दिवशी भडकला. कप भरून फेस थेट सतरंजीवर! सुभेदारांचं लहानपण गुऱ्हाळावर गेलेलं. रस उतू जायला लागला की काहिलीत तेलाचे थेंब टाकतात, हे त्यांना पक्कं माहीत. त्यांनी स्वयंपाकघरातून तेल आणलं आणि स्किमरमध्ये दोन थेंब सोडले. पुढचं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

"फेस जो बैठ झाला सर, तीन दिवस उठलाच न्हाई! मला वाटलं, मशीन शहीद. तर दुकानदार म्हणतो, पाण्यात तेलाचा अंश गेला की असंच हुतंय. नुसता तेलकट हात बुडवला तरी बंद! आता भजी खाल्ली की मी टाकीपुढं हात मागं बांधून उभा ऱ्हातो. सर... हॅलो? ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय," मी म्हणालो.

*

वसुधा होती तेव्हा आमच्या स्किमरला धड फेस कधी आलाच नाही. नुसता गुरगुरायचा. विलास तिला म्हणायचा, "वैनी, भंगारात घाला त्याला!" ती हसायची आणि ठेवायची.

ती गेल्यावर पंधरा दिवसांत कप भरायला लागला. रोज काठोकाठ. संपतरावांनी विचारलं, "काय दुरुस्ती केली, सर?" मी काहीच केलं नव्हतं.

रोज सकाळी ती तेल लावून वेणी घालायची, हात पदराला पुसायची आणि तशीच येऊन माशांना हाताने भरवायची. मासे तिच्या बोटांवर टोचा मारायचे. तिची खोबरेल तेलाची बाटली अजून टाकीशेजारच्या फळीवर आहे. मी फळी पुसतो, बाटली उचलतो आणि परत तिथेच ठेवतो.

सुभेदारांचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटलीचं झाकण उघडलं. तळव्यांना तेल चोळलं, हात तिच्यासारखे पदराला नाही, पण टॉवेलला पुसले, आणि चिमूटभर खाणं घेऊन हात टाकीत घातला. मासे आधी लांब गेले. मग आले.

थोड्या वेळाने कपातला फेस बसला. स्किमर पूर्वीसारखा नुसता गुरगुरायला लागला.

मी ग्रुपवर लिहिलं, "स्किमर बंद पडला."

संपतरावांनी लिहिलं, "पंप खोलून धुवा." सुभेदारांनी लिहिलं, "घरात काय तळलंय का?"

विलासने लिहिलं, "आता तरी काढा, सर! बंद पडलाय!"

मी लिहिलं, "ठेवतोय. चांगला चालतोय."