अक्का आणि टांग्याचा परवाना

विजेच्या कामाला कुणी आला की दारावर आडवा हात धरून अक्का म्हणायच्या, "आधी सनद दावा. मग उंबरा वलांडा."

उस्मानाबादेत तेव्हा निजामाचा अंमल होता. आमच्या पेठेत चार घरांना कापसाच्या जिनिंगच्या डायनामोवरून वीज आली होती. शेजारच्या अक्का त्यांपैकी एका घराच्या कर्त्या. सरकारी कागद उर्दूत आणि अक्कांना उर्दूचा अलिफही येत नव्हता. मी तहसील कचेरीत मुन्शी, म्हणून मला हाक यायची, "मुन्शी, वाचा बरं."

एकदा एक टोपीवाला खिशात पक्कड खोचून आला. त्याच्या सनदेवरचा, म्हणजे परवान्यावरचा, शिक्का ऐटबाज होता. मी वाचलं, "परंडा. टांगा एक. घोडी एक, तांबडी. सवारी चार."

"घोडीला धाडा," अक्का म्हणाल्या. "कागद तिच्या नावाचा हाय."

तुम्ही हसाल, त्यांचे दीर मात्र चिडले. जिनिंगचा सनदवाला तारवाला फुरसतीनं यायचा आणि दिरांना पडवीत दिवा लगेच हवा होता. अक्का तुळजापूरला गेल्या नि यांनी त्याच टोपीवाल्याला मागच्या दारानं आत घेतलं. दिवा लागला. दीर असे फिरले, जणू वीज त्यांच्याच पोटी जन्मली.

अक्का परतल्या. दुसऱ्याच सकाळी धाकटी जाऊ ओलं लुगडं वाळत घालायला गेली. वाळवणाची तार पडवीच्या लोखंडी खांबाला बांधलेली. ती तारेला चिकटूनच राहिली. तोंड उघडं, आवाज नाही.

दीर बायकोला ओढायला धावले. मी ओरडा ऐकून पोहोचलो, तेव्हा अक्का कोरडं मुसळ घेऊन उभ्या होत्या.

"शिवू नगा तिला! तुमीबी चिकटाल!"

पहिला तडाखा दिरांच्या पोटरीवर, दुसरा तारेवर. तार तुटली, जाऊ कोसळली. श्वास होता. उजवा तळवा भाजून काळा पडला होता.

सनदवाला धावत आला. दारात आडवा हात!

"अक्का, अहो, आता तरी!" मी म्हणालो.

"आताच तर पायजे. वाचा."

मी घाईनं वाचलं. तो आत गेला, आधी मेन बंद केला, मग पडवीच्या पत्र्याखाली वाकून म्हणाला, "उघडी तार खिळ्यानं पत्र्यालाच ठोकलीय. पत्र्यातून वीज खांबात, खांबातून वाळवणाच्या तारेत. माणूस वाचलं कसं?"

"तुमीच सांगितलं व्हतं न्हाय का, लाकडानं सोडवायचं म्हणून," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी मुसळ खाली ठेवलं.

पुढं कित्येक दिवस अक्का जावेला स्वतः घास भरवायच्या. दर घासाला माहेरची एक कन्नड शिवी, जावेच्या नवऱ्याला. जाऊ हसायची, ठसका लागायचा, मग शिवी जावेलाही.

लवकरच निजामाच्या अंमलाच्या अखेरचे धामधुमीचे दिवस आले; लोक हद्द ओलांडून जाऊ लागले. अक्कांचं बिऱ्हाडही बैलगाडीतून सोलापूरकडं निघालं. मी वेशीपर्यंत गेलो. रस्ता खडबडीत होता. अक्कांनी जावेचं मनगट आपल्या मांडीवर धरलं होतं, हादऱ्यानं तळवा कुठं घासू नये म्हणून. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. सगळं शांत झाल्यावर दिरांनी परत येऊन घर उघडलं. अक्का परत आल्या नाहीत.