कवळीवाल्यांचे पैलवान

"तू त्यांच्याशी गोड वागलीस, तिथेच आपलं सगळं बिघडलं."

भिंतीपलीकडून हे वाक्य आलं आणि भांडी घासता घासता माझा हात थांबला. आमचं आणि कवळीवाल्यांचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून होतं. मधली भिंत अशी, की तिकडे कुणी शिंकलं तर इकडे आम्ही नाक पुसायचो. नवरा-बायकोची भांडणं मी जन्मभर ऐकत आले. माझ्या आईला टाकून बोललीस, माझ्या बहिणीला चहा विचारला नाहीस, हे ठरलेलं. पण बायको गोड वागली म्हणून भांडणारा नवरा पहिल्यांदाच ऐकला. भांडं खाली ठेवलं आणि कान भिंतीला लावला. शाळेत मी फार गेले नाही, पण ऐकायला कुठे शाळा लागते?

वहिनी म्हणत होत्या, "मग काय करायचं होतं? पिल्लं ती. काचेला बोट लावलं की धावत यायची बिचारी."

"माणसाळवलंस तू त्यांना."

"तुम्हाला माणसाळवायला निम्मं आयुष्य घातलं, ते जमलं नाही. निदान मासे तरी माणसाळले म्हणायचे."

पलीकडे मागच्या खोलीचं दार आपटलं.

कवळीवाले भाऊजी दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायचे. मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. मेणाचे साचे, गुलाबी हिरड्या, फळीवर ओळीने मांडलेले जबडे. नव्या माणसाला वाटावं, हे सगळे आत्ता आपल्याला हसतील. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू भाऊजींच्या हातचं. स्वतःचे बत्तीस दात मात्र त्यांनी कुणाला दाखवले नाहीत. हलवाई आपली मिठाई खात नाही म्हणतात, त्यातलाच प्रकार.

आणि पुढच्या खोलीत, जिथे शहाण्या माणसांच्या घरी पाहुणे बसतात, तिथे काचेची मोठी टाकी. तिच्यात मत्स्यबीज केंद्रातून आणलेली पिल्लं, आणली तेव्हा तांदळाच्या दाण्याएवढी. वाढून बोटभर झाली की त्यांना बोटुकली म्हणतात, आणि तेव्हाच ती गावाबाहेरच्या तळ्यात सोडायची. जात शिकारी. गळाला लागला की शरण न जाणारा मासा. तळ्यावरचे गळवाले त्याला पैलवान म्हणत. तरुणपणी असाच एक पैलवान भाऊजींच्या गळाला लागला होता. त्यानं त्यांना कमरेएवढ्या पाण्यात ओढलं आणि दोरी तोडून निघून गेला. "धरला असता तर खाऊन विसरलो असतो," भाऊजी म्हणायचे. पुढे तळ्यात पैलवान उरलेच नाहीत. भाऊजींनी गळ माळ्यावर टाकला आणि टाकी आणली.

या पिल्लांचे लाड म्हणजे काय सांगू. क्लोरीन उडून जावं म्हणून नळाचं पाणी बादल्यांत भरून ठेवायचं, त्यामुळे न्हाणीघरात माणसानं एका पायावर उभं राहून अंघोळ करायची. गॅलरीत एका टबात डासांच्या अळ्या, पिल्लांना खायला. लोक डास मारतात, आमच्याकडे पाळतात, असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानानं सांगत की वैतागून, ते मला कधीच कळलं नाही. त्यातून पिल्लं अशी दुष्ट, की एक जरा मोठं झालं की धाकट्या भावंडाला गिळून मोकळं. म्हणून भाऊजी दर काही दिवसांनी त्यांना आकाराप्रमाणे वेगळं करत. त्यासाठी वहिनींची चहाची गाळणी गेली. मग दुसरी गेली. मग वहिनी चहा फडक्यानं गाळू लागल्या.

तर भांडणाचं मूळ असं. त्या वर्षी भाऊजींनी पहिल्यांदाच बोटुकली तळ्यात सोडली. सगळे गळवाले काठावर जमलेले, त्यांच्या मंडळाचे अध्यक्ष पुढे. माशांची पोरं खोल पाण्यात जातील म्हणून सगळे बघत राहिले, आणि ती काठाशीच थांबली. माणसांच्या सावल्या पडल्या तिथे गोळा होऊन, तोंडं वर करून. वहिनींनी वाकून पाण्याला बोट लावलं, तर सगळा घोळका त्यांच्या बोटापाशी. भाऊजी दिवसभर मागच्या खोलीत जबड्यांशी झटत असताना वहिनी पुढच्या खोलीत हातानं भरवत होत्या, हे तेव्हा उघडं पडलं. अध्यक्ष म्हणाले, "मासे सोडलेत की जावई?" लोक हसले. बगळे हसले नाहीत, कामाला लागले. संध्याकाळपर्यंत तळं पुन्हा होतं तसं रिकामं.

हसणं झाल्यावर अध्यक्षांनी भाऊजींना बाजूला घेतलं. मंडळाच्या ताब्यातलं तळं एक ठेकेदार मागत होता. जाळी टाकून खायचे मासे वाढवणार, गळवाल्यांना मज्जाव करणार. तळ्यात झुंजायला काही नसेल तर आम्ही कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं, असं ते म्हणाले. आणखी एक हंगाम देतो. पुढची पोरं टिकली तर तळं आपलं, नाहीतर ठेकेदाराचं. भाऊजी घरी आले, हातपाय धुतले, आणि मग ते गोड वागण्याचं भांडण झालं.

पुढच्या खेपेला पिल्लं आली तशी टाकीला तिन्ही बाजूंनी चादर लागली. खाणं मागून नळीतून सोडायचं, म्हणजे हात आणि घास यांचा संबंध त्यांच्या मनात जुळायला नको. टाकीत फुटक्या कुंड्यांचे तुकडे ठेवले, लपायला. आणि रोज सकाळ-संध्याकाळ त्यांना घाबरवायचं. त्यासाठी काळी छत्री. ती टाकीवर फटकन उघडायची आणि मिटून टोक पाण्यात खुपसायचं, बगळा चोच मारतो तसं.

हे काम भाऊजींनी स्वतःकडे घेतलं. मी एकदा साखर मागायला गेले तेव्हा पाहिलं. छत्री त्यांनी इतकी हळू उघडली, की मलाच वाटलं, पिल्लांना ऊन लागतंय. टोक पाण्यात घालताना पुटपुटले, "सांभाळून हं." मासे जागचे हलले नाहीत. मी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी कपाळाला हात लावला.

"द्या इकडे," त्या म्हणाल्या. "मेली तर मेली, पण अशी लाडावलेली नकोत."

त्या दिवसापासून बगळ्याची नोकरी वहिनींची. ज्या बाईनं आधीच्यांना बोटानं भरवलं, तीच आता दात-ओठ खाऊन छत्री आपटायची. तोंडानं अशा शिव्या, की भिंतीपलीकडे आमची माणसं दचकून सरळ बसायची. भाऊजी तेवढा वेळ गॅलरीत जाऊन उभे राहत. पिल्लं वहिनींची चाहूल लागली की कुंड्यांखाली गडप होऊ लागली. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं, आणि वहिनी दिवसेंदिवस गप्प होत चालल्या. एकदा माझ्याजवळ म्हणाल्या, "ताई, घरात शिरले की लपतात हो. राक्षसीण झाले मी." मी म्हटलं, अगं, सासू झालीस समज. तेवढ्यापुरत्या हसल्या.

हंगाम सरत आला तसे अध्यक्ष तपासायला आले. त्यांची कवळीही भाऊजींच्याच हातची, त्यामुळे बोलताना जरा जपून असत. भाऊजींनी चादर बाजूला केली. आत पाणी, कुंड्यांचे तुकडे, बाकी काही नाही.

"यात मासे कुठे आहेत?"

"आहेत."

"मग दाखवा की."

"दिसले तर ते नापास," भाऊजी म्हणाले.

अध्यक्षांना वाटलं, आपली थट्टा चालली आहे. ते उठलेच. वहिनींनी त्यांना बळंच चहा पाजला, फडक्यानं गाळलेला.

त्या वर्षी बोटुकली सोडली तेव्हा काठावर बघण्यासारखं काहीच झालं नाही. पिशवी तिरपी केली आणि पाण्यात खडे टाकावेत तशी पोरं दिसेनाशी झाली. बगळे ताटकळून उडून गेले. पण गळवाल्यांनाही काही दिसेना, आणि न दिसणाऱ्या माशांच्या भरवशावर ठेकेदाराला परत कसं पाठवायचं? हो ना करत मंडळानं वर्षभर निर्णय लांबवला. भाऊजी मात्र तळ्यावर चक्कर मारून यायचे आणि वहिनींना खुशीत सांगायचे, आजही काही दिसलं नाही. अशा बातमीवर खूश होणारं जोडपं मी दुसरं पाहिलं नाही.

मग एका सकाळी अध्यक्ष तोंडावर रुमाल धरून गल्लीत आले. कपडे छातीपर्यंत भिजलेले. मी दारातच होते. आधी वाटलं, कुणी मारलं की काय. ते भाऊजींसमोर उभे राहिले आणि रुमाल काढला. वरचे दात नाहीत, खालचे दात नाहीत, आणि चेहरा लग्नात नवऱ्या मुलाचा असतो तसा. पैलवान गळाला लागला होता. त्यानं अध्यक्षांना पाण्यात ओढलं, ते ओरडले, कवळी तळ्यात गेली, आणि दोरी तोडून मासाही गेला. ठेकेदाराला त्याच आठवड्यात नाही म्हणून कळवलं.

भाऊजींनी अध्यक्षांना खुर्चीत बसवलं आणि जबड्याचं माप घ्यायला मेण गरम करायला ठेवलं. पाठमोरे होते, पण खांदे हलत होते.

त्यानंतर कितीतरी वर्षं टाकी तशीच चालली. वहिनी छत्री आपटत राहिल्या, भाऊजी गॅलरीत जाऊन उभे राहत आले. तळ्यात आता पैलवान कधीमधी कुणाला ओढतो. भाऊजी गेले त्याच्या आदल्या आठवड्यात बोटुकली न्यायची वेळ आली होती. दम लागायचा, म्हणून अध्यक्ष म्हणाले, बादली मी धरतो. भाऊजींनी धरू दिली नाही. मी आणि वहिनी मागून चाललो होतो. काठावर बसून त्यांनी पिशवी तोंड न सोडता पाण्यावर तरंगत ठेवली, आतलं नि बाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. अध्यक्ष घाई करत होते. भाऊजी त्यांना म्हणाले, चुळबुळ करू नका, सावली हलते. मग बोट घालून पाणी बघितलं, गाठ सोडली, पिशवी तिरपी केली. पोरं गेली. त्यांनी पिशवी पिळून घडी घातली, बादली विसळली, चप्पल शोधली आणि वहिनींना म्हणाले, "चल, पिल्लांची दुसरी खेप आणायला परवा जायचंय."