तसबिरीतला निळा डोंगर

मुळशीच्या धरणावर तुकाबाई दगड वाहायची. अर्धी पाटी उचलणाऱ्या बाईशी ती बोलत नसे. नवरा गेल्यापासून दिराच्या, कोंडिबाच्या, घरात राही, आणि आठवड्याची मजुरी मुकाट त्याच्या हातावर ठेवी. एका आठवड्याला ती ठेवली नाही.

धरणाचं काम सरत आलं होतं. एक गोरा इंजिनीयर विलायतेला परत निघाला, तसा त्याचा खानसामा मौला बंगल्याच्या पडवीत सामान विकायला बसला. बायका बशा, किटल्या चाचपत होत्या. तुकाबाई एका तसबिरीपुढं थांबली. काचेखाली छापील चित्र. डोंगर निळा, झाडं तांबडी, माणूस एकही नाही. सगळा डोंगर रंगाच्या ओबडधोबड चौकोनांचा, एकावर एक चढवलेला.

"ह्यो डोंगर कुणीतरी वाहून रचलाय," ती म्हणाली.

"मडमेला बी बघवत नव्हता," मौला म्हणाला. "बशी न्या बाई. खायला तरी व्हईल."

"तुमाला इकायचंय का न्हाई? बांधा."

घरी आल्यावर गोणपाटात गुंडाळलेली तसबीर दाराशी टेकवून ती पाय धुवायला गेली. त्या वस्तीत काच आणि चौकट असे ती देवालाच. सासूनं, गोजराबाईनं, उकलायची वाट पाहिली नाही. उघड्या कोपऱ्यावर हळदकुंकू वाहिलं, डोकं टेकलं, मग गोणपाट ओढलं.

"आगं बया! देव कुटं हाय ह्यात?"

कोंडिबा बाहेर आला. "मजुरी कुटं हाय?"

"ही काय, म्होरं."

"ही? डोळं फुटलं व्हतं का तुजं? आमच्या जिवावर जगतीस आन्—"

"पाटी माझ्या डोस्क्यावर व्हती, भावजी. तुमी पारावर व्हता."

कोंडिबानं तसबीर उचलली. उंबऱ्यावर आपटणार, तोच म्हातारी किंचाळली, "ठेव! कुंकू वाहिलंय म्या. पुजलेलं फोडलंस तर घर बसंल."

"मग नदीत सोडतो."

"नदी कुटं ऱ्हायलीया मुडद्या? तुंबलंय समदं. उद्या तरंगत दारात यील."

पुजलेलं भुईवरही ठेवता येईना. म्हातारीनं लेकालाच खुंटी ठोकायला लावली. त्यानं दातओठ खात दोन घाव घातले आणि तसबीर अडकवली. ती एका अंगाला कलली.

"खुंटी सैल हाय," तुकाबाई मागून म्हणाली. "काडा. परत ठोका."

"तू सांगनार व्हय मला?"

"व्हय. पडली तर काच तुमच्याच पायावर फुटंल."

कोंडिबानं आईकडं पाहिलं. ती चुलीकडं वळली होती. त्यानं खुंटी उपसली, पाचर घातली आणि घाम येईस्तोवर ठोकली. तुकाबाईनं तसबीर स्वतः चढवली, हातानं हलवून पाहिली.

"आता नीट हाय," ती म्हणाली. "आन् फुडल्या आठवड्याला हात पसरू नगा."