इद्रीसभायचं लान

चिमाबाईने चोपलेल्या अंगणाला वाडीत तोड नव्हती. पाऊस सरला की ती मातीची भर घालायची, पाणी मारायची आणि लाकडी चोपण्याने ठोकून ठोकून अंगण असं काढायची की त्यावर भात झोडलं तरी दाण्याला माती लागत नसे. नवरा गंगाराम मुंबईला गिरणीत. त्यामुळे बैल, नांगर, शेताचे दगडी गडगे सगळं तिच्याच अंगावर पडलेलं, आणि जीभही त्या मानानं धारदार झालेली. ब्याऐंशीच्या संपात गिरणी बंद पडली, गंगाराम घरी आला आणि ओटीवर जो बसला तो बसलाच. मशीनवर काम केलेल्या माणसाने मातीत हात घालू नये, असं त्याचं मत होतं.

"बरोबर हाय," चिमा शेजारणींना सांगायची. "मशीनला तेल लागतं, ह्यांना चाय लागतो. फरक एवढाच, मशीन काम करतं."

वाडीच्या खाली, खाडीला लागून इद्रीसभायचा नवा बंगला होता. इद्रीसभाय पंधरा वर्षं कुवेतला होता. तिथे कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यापुढे त्याने हिरवळ पाहिली आणि ती त्याच्या डोक्यात बसली. परत आल्यावर त्याने बंगल्यापुढच्या भातखाचरात लाल मातीची भर टाकली, मुंबईहून गवताचं बी आणलं आणि हिरवळ केली. गाव तिला 'लान' म्हणायचं. लानात बकरी शिरली की इद्रीसभाय नमाजाची टोपी आणि लुंगी, दोन्ही सावरत धावायचा.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीच्या सुमारास त्याच्या मुलीची, शरीफाची, सोयरीक ठरली. दापोलीकडच्या मुरुडहून व्याही अँबॅसडरमधून आले. बंगल्यापुढचा रस्ता बैलगाडीपुरता, म्हणून ड्रायव्हरने गाडी सरळ लानावर घातली. शिरखुर्मा खाऊन व्याही परत गाडीत बसले, तोवर गाडी पोटापर्यंत खाली गेली होती. खालचं खाचर अजून ओलं होतं, त्याला कुवेतचं काय कौतुक! ड्रायव्हरने जोर लावला तशी चाकं आणखी रुतली आणि दारात निरोपाला उभ्या मंडळींच्या पांढऱ्या कपड्यांवर चिखल उडाला.

चिमाचे बैल बोलावले. ती आली, तर व्याही अजून आतच. पाहुण्याने चिखलात पाय ठेवायचा म्हणजे काय!

"त्यांना उतरायला सांगा," चिमा म्हणाली. "बैल माझे हायत, मुलीकडचे नाय. एवढा मान नाय उचलायचे ते."

व्याही उतरले. गाडी निघाली. मागे लानात गुडघाभर खोल दोन चर पडले होते.

"नांगरणी झ्याक झाली, इद्रीसभाय. आता पेरणीचं बगा."

इद्रीसभायला हसू येईना. जानेवारीत लग्न, बारा गाड्या येणार, आणि उभ्या करायला दुसरी जागा नाही. त्याने रत्नागिरीहून एक इंजिनिअर आणला. इंजिनिअरने कपाळाला आठ्या घालून लान पाहिलं आणि सांगितलं, "सगळं उपटा, सिमेंट ओता, आणि हौस असेल तर वर हिरवा रंग मारा."

इंजिनिअर जेवून गेला. इद्रीसभाय मात्र जेवला नाही. तेव्हा त्याची बायको हफीजा म्हणाली, "चिमाबायला विचारा."

"ती अंगणं चोपते. हे लान आहे."

"अंगणावर बैल नाचतात. गाडीला पण चारच पाय."

चिमा आली. तिने पहार उचलून लानात सोडली. पहार आपल्या वजनाने हातभर खाली गेली.

"वर लान हाय," ती म्हणाली, "खाली अजून भातच हाय."

मग तिने वाडीतल्या सहा बाया घेतल्या. गवत मातीसकट कापून बाजूला ठेवलं. चिखल उपसला. पाणी खाडीकडे जायला चर काढला. चिरेखाणीत पडलेले जांभ्याचे तुकडे आणून खड्ड्यात थरावर थर घातले आणि प्रत्येक थर धुमसाने, दांडा लावलेल्या जड ठोकळ्याने, ठोकला. वर रेती. रेतीवर अख्खे चिरे मांडले, पण चिऱ्या-चिऱ्यात चार बोटं फट ठेवून. त्या फटींत माती भरून गवत लावायचं, म्हणजे चाक चिऱ्यावर आणि नजर गवतावर. गंगाराम खुर्ची टाकून देखरेख करत होता. मधूनच "लेव्हल बघा, लेव्हल" म्हणायचा.

मुंबईचं गवत आठवड्यात पिवळं पडलं. इद्रीसभाय हवालदिल झाला. चिमाने शेताच्या बांधावरून टोपल्या भरून हरळी आणली.

"हरळी?" इद्रीसभाय ओरडला. "सगळं गाव ती उपटून टाकतं!"

"म्हणून तर. आमच्या सात पिढ्यांनी उपटली, तरी मेली नाय. तुमच्या मोटारीला घाबरेल काय?"

हफीजा रोज विहिरीचं पाणी घालायची. महिन्याभरात हरळीने चिरे झाकून टाकले.

लग्नाच्या आदल्या दिवशी, कोणी सांगितलं नसताना, मंडपवाल्याचा ट्रक बिर्याणीच्या देगा, पाट आणि जळाऊ लाकडं घेऊन सरळ लानावर चढला. मोटारींचं वजन तिने धरलं होतं, ट्रकचं नाही. चिमा पायरीवर कांदे सोलत होती. हात थांबले. ट्रक मध्यावर आला. कुठेतरी 'कट्' झालं. तिने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ट्रक पलीकडे उभा होता, आणि एका कोपऱ्यात दोन बोटं खोल खळगा पडला होता. ती उठली, खळग्यात पाय घालून पाहिला आणि मग ट्रकवाल्याच्या सगळ्या खानदानाचा तिने मोकळ्या तोंडाने समाचार घेतला.

दुसऱ्या दिवशी बारा गाड्या ऐटीत उभ्या राहिल्या. व्याही उतरले, बुटाची टाच आपटून पाहिली. "खाली सिमेंट घातलंय वाटतं?"

"छे," गंगाराम पुढे सरसावला. "आपली पद्धत हाय. मिलमधली."

सगळ्यांनी चिमाकडे पाहिलं. ती म्हणाली, "व्हय, ह्यांनीच केलं. मी फक्त खणलं, भरलं नि ठोकलं." बायकांत हशा पिकला. गंगाराम पान आणायच्या निमित्ताने तिथून सटकला.

हफीजाने तिला आतल्या खोलीत स्वतःच्या शेजारी बसवून बिर्याणी वाढली आणि शरीफाला तिला सलाम करायला लावलं. चिमा संकोचून गेली. "मी काय केलं गो पोरी, दगड तर लावले," एवढंच म्हणाली, आणि नवऱ्या मुलीच्या मेंदीला आपले खरखरीत हात लागू नयेत म्हणून ते पदराखाली घेतले.

पुढच्या महिन्यात रत्नागिरीच्या एका डॉक्टरांना तसंच लान हवं झालं. निरोप आला तसा गंगाराम इस्त्रीचा शर्ट घालून काँट्रॅक्टर म्हणून गेला. डॉक्टरांनी विचारलं, किती खोल खणायचं? गंगाराम म्हणाला, लेव्हल बघून सांगतो. दोन दिवसांनी डॉक्टर स्वतः डोंगर चढून वाडीत आले आणि ओटीवरच्या गंगारामला ओलांडून त्यांनी हाक मारली, "चिमाबाई कोण?"

सोमवारी ती निघाली. धुमस जड असतं, म्हणून ते तिने गंगारामच्या खांद्यावर दिलं. तो कुरकुरला, पण चालला.